बिनकॅन्सरचा जबडा

जबडा हा मानवी संस्कृतीचा पाया आहे. चावणं, बोलणं, वचन देणं आणि ते मोडणं, हे सगळं त्या एका हाडाच्या भरवशावर चालतं. डॉ. उमाकांत खानापूरकरांचा प्रबंध असा सुरू होत होता आणि पहिल्या पानावरच बराच काळ थांबला होता. कारण विषय होता जबड्याचे कॅन्सर नसलेले आजार, आणि कॅन्सर नसलेल्या आजारात बंगळूरला कुणाला रस नव्हता. दातांच्या कॉलेजातला चांगला सूक्ष्मदर्शक सकाळभर कॅन्सरवाल्यांकडे असे. जेवणं आटोपून डोळे जड झाले की तो उमाकांतांच्या टेबलावर येई.

रोग्यांनाही रस नव्हता. "कॅन्सर नाही," असं म्हटलं की माणूस हात जोडून, आनंदाने, गाठ जिथल्या तिथे ठेवून घरी जाई. पुन्हा येत नसे. उमाकांतांचं संशोधन असं गावभर हिंडत होतं.

बासष्ट साली पद्माकर रांगोळे आला. कॉटनपेठेतल्या जुन्या मराठी घरातला, विमानाच्या कारखान्यात नकाशे काढणारा. डाव्या गालाखाली लिंबाएवढी सूज, दुखत काही नव्हतं. बरोबर बायको नयना आणि थोरला भाऊ गुंडूअण्णा.

एक्स-रे पाहून उमाकांतांचा थकवा क्षणभर उतरला. जबड्याच्या कोपऱ्यात स्वच्छ कडांची एक पोकळी होती आणि तिच्या तळाशी एक न उगवलेली दाढ आडवी झोपली होती. खात्रीसाठी आतला तुकडा काढून तपासला. पाण्याची साधी पिशवी.

"कॅन्सर नाही," उमाकांत म्हणाले. "पण पिशवी वाढतेय आणि हाड आतून कोरत चाललंय. अंड्याच्या कवचाएवढं राहिलंय. ती सोलून काढायची, दाढही काढायची. ठेवलीत तर एखाद्या दिवशी चकली खाताना जबडा मोडेल."

"म्हणजे काळजीचं कारण नाही?" पद्माकरने विचारलं.

"अजिबात नाही," उमाकांत हसून म्हणाले.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. मग उमाकांतांनी गुंडूअण्णाला जरा बाजूला, व्हरांड्यात बोलावलं. त्यांना प्रबंधासाठी पद्माकरच्या चेहऱ्याचा फोटो हवा होता आणि रोग्याला एकदम कसं विचारावं, याचा संकोच वाटत होता.

"तुमच्या भावाचा एक फोटो काढून घ्यावा म्हणतो," ते हळू आवाजात म्हणाले. "आत्ताच. पुढे चेहरा असा राहणार नाही."

गुंडूअण्णाने खांब धरला. "सरी," तो म्हणाला. "सरी डॉक्टर, बरं. कळलं."

यात गुंडूअण्णाचा दोष नव्हता. वडील घशाच्या कॅन्सरने गेले तेव्हा त्यालाही असंच व्हरांड्यात बोलावलं होतं. मग घरातल्या सगळ्यांनी ठरवून वडिलांना सांगितलं, गळू आहे, उतरेल. डॉक्टर हसत, काळजीचं कारण नाही म्हणत. या कटाचा सूत्रधार खुद्द पद्माकर होता. वडिलांनी "खरं सांग" म्हटलं की तो इतकं सुंदर हसे, की त्यांना शेवटपर्यंत संशय आला नाही. निदान पद्माकरची तशी समजूत होती.

त्यामुळे भाऊ व्हरांड्यातून डोळे पुसत परत आला, "काही नाही रे, फोटो काढायचाय फक्त," म्हणाला आणि हसला, तेव्हा पद्माकरला सगळं समजलं. संवाद त्याचेच होते.

घरातलं वातावरण बदललं. गणपती कुणाकडे बसवायचा, यावरून गुंडूअण्णाने धाकट्याशी बोलणं टाकलं होतं. दवाखान्यात तो आला होता तो वडीलकीचं कर्तव्य म्हणून. आता तो रोज सकाळी डोसा आणून स्वतःच्या हाताने त्याचे बारीक तुकडे करू लागला. "स्वल्प खा रे," म्हणू लागला. नयना मंगळवारी बनशंकरीच्या देवळात जाऊन लिंबाचे दिवे लावू लागली. पद्माकरचं कुणी काही खोडून काढेना. रेडिओ त्याचा, खिडकीजवळची खुर्ची त्याची. ऑपरेशनचं नाव निघालं की तो समजूतदारपणे म्हणे, "कशाला उगीच चिरफाड? आहेत ते दिवस सुखात जाऊ देत." मरण्यात त्याचं बरं चाललं होतं.

जबडा मात्र पातळ होत होता.

शेवटी नयना एकटी आली. "डॉक्टर, मला तरी खरं सांगा."

"खरंच सांगितलं होतं, बाई. कॅन्सर नाही."

"सासऱ्यांचे डॉक्टरही असंच म्हणायचे."

"ते खोटं बोलत होते."

"हो ना," नयना म्हणाली. "आणि किती छान बोलायचे."

उमाकांतांनी तिला काढलेल्या तुकड्याची काचपट्टी दाखवली. तिने सूक्ष्मदर्शकात पाहिलं, गुलाबी आहे म्हणाली, आणि ही त्यांचीच कशावरून, असं नम्रपणे विचारलं. काचपट्टीवर नाव उमाकांतांनीच लिहिलं होतं. "त्यांनाच घेऊन या," ते म्हणाले. "शेवटचं समजावतो." ऐकून नयनाचा चेहरा पडला. शेवटचं हा शब्द नको होता, हे उमाकांतांच्या नंतर लक्षात आलं.

पद्माकर आला तो शांत चेहऱ्याने, फळांची पिशवी घेऊन. नयना आणि गुंडूअण्णा दारात उभे राहिले.

"डॉक्टरसाहेब, तुम्ही फार प्रयत्न केलेत," पद्माकर म्हणाला. "मला सगळं कळलंय. तुम्हाला अवघड वाटायला नको. मी एक ठरवलंय. मी गेल्यावर हा जबडा तुमचा. अख्खा. संशोधनाला ठेवा."

पिशवी आणि दाढ जागच्या जागी असलेला अख्खा जबडा उमाकांतांच्या विभागात नव्हता. मद्रासलाही नसावा. काचेच्या बरणीत तो कसा दिसेल, हे त्यांना क्षणभर अगदी स्पष्ट दिसलं. मग ते आपल्याला दिसलं, हे त्यांच्या ध्यानात आलं आणि इतक्या वर्षांचा थकवा एकदम डोक्यात गेला.

"गाढव आहेस का तू?" ते ओरडले. "मी गेल्यावर म्हणे! तू जाशील सत्तरीला आणि तोवर तो जबडा मोडून, कुजून भुसा झालेला असेल. काय करू मी त्याचं, लोणचं घालू? पाण्याची पिशवी ती! कुणी मरत नाही तिने! आणि खुर्चीत बसून भावाकडून डोसे भरवून घेतोस? लाज नाही वाटत? ऊठ! ही फळं उचल! सोमवारी उपाशीपोटी यायचं, रांगेत बसायचं, आणि उशीर केलास तर दारातून हाकलून देईन!"

बाहेरच्या बाकावरचे रोगी उठून उभे राहिले. उमाकांत धापा टाकत खाली बसले. आयुष्यात ते कुणाला अरेतुरे करून बोलले नव्हते. माफी मागायला त्यांनी तोंड उघडलं.

दारात नयना रडत होती. "ओरडले," ती गुंडूअण्णाचा हात धरून म्हणाली. "भावजी, ओरडले हो! सासऱ्यांवर कधी कुणी आवाज चढवला होता?"

"नाही," गुंडूअण्णा म्हणाला. "गाढव तर कुणीच म्हणालं नव्हतं."

पद्माकर उमाकांतांकडे टक लावून बघत राहिला. त्याचा चेहरा हळूहळू उजळला आणि मग थोडा उतरला.

"म्हणजे... खरंच काही नाही?" त्याने विचारलं.

"चालता हो," उमाकांत थकून म्हणाले.

सोमवारी तो रांगेत बसला. पिशवी अखंड निघाली, दाढही निघाली. जबडा आतून हळूहळू भरला. डोसे बंद झाले. पुढच्या भाद्रपदात गणपती कुणाकडे, यावरून भावांचं बोलणं पुन्हा थांबलं. पद्माकरच्या ओठाची डावी बाजू बधिर राहिली, त्यामुळे चहा पिताना थोडा सांडतो.