ऐनाचा राब

सुंदराने शेवटची फांदी तोडली आणि ती कडाडत खाली गेली. ऐनाचा आता नुसता सोटा उरला होता. कोयता कमरेला अडकवून ती सावकाश उतरली. नवरा गेल्यापासून राबाची तोड ती स्वतःच करायची. भाताचं रोप टाकायच्या जागेवर फांद्या आणि पाला जाळल्याशिवाय खांडसच्या या डोंगराच्या पायथ्याला शेती होत नाही. ऐन सगळेच तोडतात. पण हा एक ऐन तोडू नका, असं तिला सांगून ठेवलं होतं, आणि म्हणूनच तिने आज आधी तोच धरला.

खाली धाकटी जाऊ छाया धुण्याची बादली घेऊन उभी होती.

“आक्का, एवढा एक ठेवायचा व्हता.”

“ऐन माजा हाय. राब काय तुज्या बोर्डावर भाजू?”

छाया पुढे काहीतरी बोलणार होती, पण बोलली नाही. बादली उचलून गेली.

तो बोर्ड छायाच्या आंब्याला गेल्या वर्षी बांधला होता. शेकरूंची गणती करणारा स्वप्नील येऊन सगळं समजावून गेला होता. वरच्या रानात एके काळी शेकरांना कुणी विचारत नव्हतं, इतकी होती. मग बंगल्यांसाठी झाडं गेली आणि फांद्यांची वाट तुटली. शेकरू होता होईतो जमिनीवर उतरत नाही, फांदीवरून फांदीवर जातं; म्हणून आंब्याला भिडलेला सुंदराचा ऐन तोडू नका, असं तोच सांगून गेला होता. या बाजूला आता चारच घरटी सापडली होती, त्यातलं एक छायाच्या आंब्यावर. म्हणून पिवळा बोर्ड : ‘शेकरूचे झाड. जतन – सौ. छाया जितेश.’ फोटो निघाला. भिसेगावच्या नणंदेने तो फोनवर सगळ्या नातलगांना पाठवला.

सुंदराला ते झोंबलं ते झोंबलंच. वाटणीत आंबा तिनेच सोडला होता, फळ आंबट म्हणून. आणि ते ‘सौ.’ तर तिच्या नावामागे आता कुणीच लावणार नव्हतं. रोज विहिरीवर जाताना ती ठरवायची, बोर्ड वाचायचा नाही. रोज वाचायची.

भारे बांधून झाले तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. आंब्यावर खडखड आवाज सुरू झाला. शेकराची मादी रानातून आली होती. ती फांदीच्या टोकापर्यंत धावली, थांबली, परत फिरली, पुन्हा टोकाला आली. समोर ऐनाची फांदी नव्हती. आंब्याच्या घरट्याकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही. सुंदराला आधी हसू आलं. घे म्हणावं, कर आता जतन.

मग तिच्या स्वतःच्या डोक्यावर बारीक चिरकल्यासारखं काहीतरी वाजलं.

ऐनाच्या अलीकडे, तिच्या दाराशीच जांभूळ होतं. तिने वर पाहिलं. दाट पाल्यात डहाळ्यांचा गोल गुंडा होता आणि त्यातून एक तांबूस तोंड बाहेर आलं होतं. पिल्लू. वर्षभर जिची नजर दुसऱ्याच्या झाडावर, तिला आपल्या झाडावरचं कुठून दिसणार? सुंदराला आनंद झाला, अगदी उघडा, लबाड आनंद. माझ्या झाडावर! सोमवारी स्वप्नील गणतीला येणार होता. बोर्ड इकडे येणार.

पलीकडे मादी खोडावरून खाली उतरायला लागली. छायाचा कुत्रा भुंकत धावला, तशी ती पुन्हा शेंड्याला गेली. पिल्लू चिरकतच होतं. सुंदराच्या हातातला भारा खाली पडला.

तिने विहिरीचा जाड दोर सोडून आणला. एक टोक जांभळीच्या बेचक्यात बांधलं, ऐनाच्या सोट्याला वळसा दिला. दुसरं टोक हातात घेऊन ती बांधावर उभी राहिली. पुढे आंबा होता आणि आंबा तिचा नव्हता. छायाला हाक मारायला तिची जीभ जड झाली.

“छाया, कुत्रा बांध. आनि हे तुज्या झाडाला बांध.”

 छायाने कुत्रा पडवीत बांधला, पदर खोचला आणि दोर घेऊन आंब्यावर चढली. गाठ मारून खाली आली, पण मान वर करेना.

“मला ठाव व्हतं, आक्का. माज्या आंब्यावरचं घरटं रिकामं हाय. ती बांधतात धा ठिकानी आनि ऱ्हातात एका ठिकानी, तुमच्या जांभळीवर.”

“कवापासनं ठाव?”

“बोर्ड लागला तवापासनं.”

“मग मगाशी तोंडात काय व्हतं तुज्या?”

“तुमच्याकडं नेला असता ना बोर्ड.”

सुंदराने तिला नीट पाहून घेतलं. या बाईचा आपण वर्षभर हेवा केला, आणि ही तिकडून आपल्या जांभळीचा करत होती. दोघींच्या मधे ते पिल्लू उपाशी मेलं असतं.   उन्हं कलली तेव्हा मादीने दोरावर पाय ठेवला, मागे घेतला, पुन्हा ठेवला आणि सरसर जांभळीवर गेली.

सोमवारी स्वप्नील आला. आंब्यावरचं घरटं त्याने लिहून घेतलं. ऐनाचा सोटा पाहून हळहळला, दोर पाहून बरं वाटलं म्हणाला. मग त्याने विचारलं, जांभळीवर काही आहे का?

छायाने श्वास धरला.

“नाय,” सुंदरा म्हणाली. “कावळ्याचं जुनं हाय.”

त्याच्या वहीत एक घरटं आलं, आणि शेकराची मादीही तिथे एकच होती, म्हणजे गणती काही चुकली नाही. बोर्ड, फोटो, माणसं सगळी आंब्याखाली राहिली. तो गेल्यावर सुंदराने जांभळीखाली बारदान टाकलं आणि तांदूळ निवडायला बसली. थोड्या वेळाने छाया बांध ओलांडून आली, वर बघत बघत.

“लांबूनच बघ,” सुंदरा म्हणाली. “माजी हाय ती.”