तिसऱ्या मजल्यावरचा चिलर

स्टुलावर चढून नेदेल्चोने छतावरच्या डागाला तळवा लावला. डाग ओला होता, आणि गार.

"नळ फुटला असता तर पाणी कोमट आलं असतं," तो खाली उभ्या असलेल्या पर्वोलेताला म्हणाला. "ऑगस्टात या रूसे शहरात नळाला गार पाणी कुठलं?"

"मी सांगत नव्हते? ती बाई वर काहीतरी करतेय." पर्वोलेता इमारतीचा कारभार बघायची आणि कारभाराबाहेरचंही बरंच बघायची. "घरात राकियाची दारू गाळत असणार. दार उघडं होतं तेव्हा नळ्या बघितल्यात मी. नळ्याच नळ्या!"

"राकियाचा वास लपत नाही."

"मग त्याहून वाईट काहीतरी असेल."

आवाजाबद्दल नेदेल्चोने अजून कुणाला सांगितलं नव्हतं. चौतीस वर्षं त्याने डेअरीच्या शीतगृहातले कॉम्प्रेसर सांभाळले होते. डेअरी बंद पडली, मग बायको गेली, पण कानांची सवय काही गेली नाही. गेले तीन आठवडे वरच्या घरात एक कॉम्प्रेसर दिवसभर चालू-बंद होत होता. तीन मिनिटं चालायचा, दोन मिनिटं थांबायचा, पुन्हा धापा टाकत सुरू व्हायचा. घरातला फ्रीज असा दमत नाही. आणि ज्या घरात एकटी बाई राहते, महिन्यातून चार शब्द बोलते, खिडकीला उन्हाळाभर घोंगडी लावून ठेवते, तिथे एवढं काय गार करायचं असतं?

तो वर गेला. ज्लातिनाने साखळी न काढता दार बोटभर उघडलं. साठीची, शिडशिडीत बाई. नकाशे छापायच्या कार्यालयातून निवृत्त झालेली, एवढंच इमारतीला माहीत होतं.

"माझं छत भिजतंय," तो म्हणाला.

"पुसून घेते. पुन्हा नाही होणार."

तिच्या खांद्यामागे त्याला एक पांढरी पेटी दिसली. पेटीवर शोभेच्या माशांच्या दुकानाची चिठ्ठी तशीच होती. टाकीतलं पाणी गार ठेवणारा चिलर त्याने लगेच ओळखला.

"मासे पाळलेत का?"

"नाही."

"मग चिलर कशाला?"

ती अडखळली. "कॉम्प्युटरसाठी."

"अहो बाई, कॉम्प्युटरला पाणी घातलं की तो मरतो, एवढं मलाही कळतं."

"वरून नाही घालत. आतून फिरवते," ती म्हणाली आणि दार लागलं.

त्याला रागच आला. खोटं बोलायचं तर निदान ऐकणाऱ्याचा मान राखून बोलावं! जिन्यातच वाट बघत असलेल्या पर्वोलेताला त्याने सगळं सांगितलं, आणि तिचे डोळे चमकले.

"आता कळलं! कॉम्प्युटरवर बिटकॉइनचे पैसे पाडतात ना, ते. टीव्हीवर दाखवलं होतं. वीज खायला राक्षस असतात ते. आणि ही वीज कुठून घेतेय? जिन्याच्या दिव्यांवरून! परवा शेजारच्या रादोस्लाव्हाने मिरच्या भाजायला घेतल्या तर दोनदा फ्यूज उडाला."

रादोस्लाव्हाची मिरच्या भाजायची भट्टी आणि जुनी वायर, एवढंही कारण फ्यूज उडायला पुरेसं होतं. हे नेदेल्चोला ठाऊक होतं, तरी तो गप्प राहिला. संशयाला कारण मिळालं की माणूस दुसरं कारण शोधत नाही. सहा घरांनी कागदावर सह्या केल्या. बाईला खाली बोलावून जाब विचारायचा, आणि ती येत नसेल तर वीज तोडायची, असं ठरलं. तिला दोनदा निरोप धाडला. ती आली नाही.

ऑगस्टातल्या शेवटच्या गुरुवारी सकाळी दहा वाजता नेदेल्चोने तळमजल्यावरची पेटी उघडली आणि तिच्या घराचा फ्यूज काढून खिशात टाकला.

"आता बघा कशी धावत येते," पर्वोलेता म्हणाली.

ती धावत आली नाही. स्लिपर घालून, कठड्याला धरून एकेक पायरी उतरली. चेहरा पार पांढरा पडला होता. ती ओरडेल अशी सगळ्यांची तयारी होती, पण तिने फक्त विचारलं, "कुणी काढला?"

"मी," नेदेल्चो म्हणाला.

"नऊ दिवस चालू होतं ते. उद्या संपणार होतं." ती खालच्या पायरीवर बसली. "मधे थांबलं की सगळं पुसलं जातं."

"काय पुसलं जातं?" पर्वोलेताने विचारलं. ज्लातिनाने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती नेदेल्चोला म्हणाली, "तुम्हीच या वर. बघा एकदाचं."

खोलीत भट्टीसारखं गरम होत होतं. टेबलावर काचेची पेटी, तिच्यात कॉम्प्युटर, आणि त्याच्या पोटातून निघून चिलरला जोडलेल्या दोन नळ्या. नळ्यांना दरदरून घाम सुटला होता आणि त्याचे थेंब जमिनीवर ठिबकत होते. तारांचं एक टोक भिंतीतल्या तिच्याच प्लगात होतं. जिन्याकडे काहीही जात नव्हतं. नेदेल्चोने ते दोनदा तपासलं.

भिंतीला लागून खोकी होती. त्यांत जुने फोटो. घरं, कुंपणं, गोठे, विहिरी, प्रत्येकावर पांढऱ्या शाईत आकडा.

"लिपोवो," ती म्हणाली. "आता धरणाखाली आहे. बुडवण्याआधी सरकारने प्रत्येक घराची मोजणी केली, चारी बाजूंनी फोटो काढले. काढणारे माझे वडील. गावाने त्यांच्या तोंडावर दारं लावली. या फोटोंवरून कॉम्प्युटर गाव परत उभं करतो, पडद्यावर ज्यातून चालता येईल असं. पण तापतो फार. उन्हाळ्यात तासाभरात बंद पडायचा, म्हणून चिलर लावला. सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी गावची माणसं धरणाकाठी जमतात. त्यांना दाखवणार होते."

"मग सांगायचं ना, बाई!"

"काय सांगू? त्याच मोजणीवाल्याची मुलगी मी, म्हणून?"

नेदेल्चो नळीला हात लावून उभा राहिला. मग त्याला जे येत होतं तेच तो बोलला. "आठ अंशांवर लावलाय तुम्ही. दह्याला लागतं एवढं गार. या हवेत नळीला घाम येणारच. बावीसवर ठेवा. पाणी जेमतेम दोन लिटर, म्हणून कॉम्प्रेसरला उसंत नाही. आणि याची गरम हवा खोलीतच सोडताय. मागून तापवताय, पुढून गार करताय."

त्याने फ्यूज बसवला. संध्याकाळपर्यंत तळघरातला दुधाचा जुना स्टीलचा कॅन घासून आणला, पाणी वाढावं म्हणून मधे जोडला, नळ्यांना फोम गुंडाळला, चिलर बाल्कनीत हलवला. कॉम्प्रेसर आता वीस-वीस मिनिटं शांत राहू लागला. पण दिवस परत मिळणार नव्हते. आधी गावाच्या खालच्या आळीचं काम पार पडलं होतं, तेवढं शाबूत होतं. वरची आळी पुन्हा पहिल्यापासून करायची होती, आणि जमायच्या दिवसापर्यंत ती काही पुरी झाली नाही.

तो स्वतःच्या गाडीतून ज्लातिनाला धरणाकाठच्या सभागृहात घेऊन गेला. तीसेक म्हातारी माणसं जमली होती. वडिलांचं नाव तिने सुरुवातीलाच सांगून टाकलं. एक म्हातारा उठून बाहेर गेला. बाकीचे बसले. पडद्यावर पूल आला, गिरणी आली, आणि लोक एकमेकांच्या अंगावर रेलून बोटं दाखवू लागले. "ते आमचं तुतीचं झाड! अगं, तो बघ तुमचा गोठा!" बाहेर गेलेला म्हातारा दारात येऊन उभा राहिला.

मग पुढच्या रांगेतल्या दोब्रीनाआजींनी विचारलं, "आणि वरची आळी?"

ज्लातिनाने तोंड उघडलं. "आजी, यंत्रात थोडा बिघाड..."

"बिघाड नव्हता," नेदेल्चो उभा राहिला. "मी वीज तोडली. मला वाटलं ही चोरी करतेय."

आजींनी त्याला नीट न्याहाळलं.

"करत होती का?"

"नाही."

"हं." आजी पडद्याकडे वळल्या. "मुली, परत पुलावरून ने मला. सावकाश."

ज्लातिनाने नेलं. पूल ओलांडला, गिरणी मागे पडली, दगडी कुंपण डावीकडे वळलं आणि वळणावर चित्र संपलं. पुढे नुसताच करडा रंग होता. तिने घाईने मागे फिरवायला हात उचलला.

"थांब, इथेच राहू दे," आजी म्हणाल्या. "इथून पुढची वाट मला माहीत आहे."

मांडीवरच्या पिशवीवर दोन्ही हात ठेवून त्या त्या करड्या रंगाकडे बघत राहिल्या. मधूनच ओठ हलत होते. एकदा त्यांनी मान किंचित वाकवली, एखाद्या बुटक्या दारातून आत जावं तशी.