आर्विडची तीन मिनिटं

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे. म्हातारा झालो म्हणून मला कपाटात ठेवलं, असं लोक सांगतात. त्यावर विश्वास ठेवू नका.

अमेरिकेत मिनेसोटातल्या एल्क फोर्ड गावच्या शाळांची एक छोटी टीव्ही वाहिनी होती. हायस्कूलमधल्या टायपिंगच्या जुन्या वर्गात मला उभं केलं आणि ग्रंथपाल मार्लिस टोलेफसन यांच्या हवाली केलं. चित्रण, निवेदन, झाडलोट, सगळं बाईच करायच्या. बर्फामुळे कोणती शाळा बंद, दुपारी जेवायला काय, बास्केटबॉलचा सामना कुणी जिंकला, हे गावाला आमच्याकडूनच कळायचं. पोरं माझ्यासमोर बातम्या वाचायला शिकली. तेव्हाचा माझा रुबाब काय विचारता!

शाळा मंडळाच्या सभेचा एक नियम होता. कुणीही उठावं, तीन मिनिटं बोलावं, आणि आम्ही ते न कापता आठवडाभर दाखवावं.

एका वर्षी मंडळाने तळ्याकाठची छोटी शाळा बंद करून तिथली मुलं बसने गावात आणायचा घाट घातला. सभेत आर्विड नायगार्ड उठले. बावीस वर्षं शाळेची बस चालवलेला माणूस. टोपी चुरगाळत म्हणाले, "नदीवरचा पूल अरुंद आहे. जानेवारीत त्यावर नुसता बर्फ गोठलेला असतो. चाळीस पोरं घेऊन मी तिथून जाणार नाही, आणि दुसऱ्या कुणालाही पाठवू नका."

सभेला नऊ माणसं होती. बाकीचं गाव घरी बसून बघणार होतं. मतदान पुढच्या सभेत होतं.

दुसऱ्या दिवशी शाळांचे प्रमुख हॅलवर्सन साहेब आले. "मार्लिसबाई, आर्विडचं तेवढं काढून टाका. उगाच आईबाप घाबरतील. आणि वाहिनी पुढच्या वर्षी ठेवायची का, तेही मंडळच ठरवणार आहे, बरं का."

बाईंनी ती तीन मिनिटं काढली आणि तिथे शाळेच्या दुपारच्या जेवणाचा तक्ता लावला. फिती आमच्याकडे नेहमीच कमी असायच्या. शुक्रवारचा सामना त्यांनी सवयीने सभेच्या मूळ फितीवरच घेतला, आणि आर्विडचं बोलणं कायमचं पुसलं गेलं. तो सामना मीच टिपला. मला लाज वाटते.

आर्विड येऊन म्हणाले, "अगं मार्लिस, माझ्या जागी जेवणातला भाजलेला बटाटे-खिम्याचा हॉटडिश दिसला. मी इतका चविष्ट कधी झालो?" बाईंना हसू आलं नाही.

पुढच्या सभेत मतदान झालं आणि तळ्याकाठची शाळा बंद झाली. आर्विडनी बसची किल्ली परत केली आणि नवा चालक आला. जानेवारीत बस पुलावर घसरून कठड्यात अडकली. सगळे वाचले, पण सात वर्षांच्या ॲनिकाचा पाय कायमचा अधू झाला.

"आम्हाला कुणी सांगितलंच नाही," गाव म्हणू लागलं. बाईंनी सभेची ती फीत लावून पाहिली. तिच्यावर पोरं चेंडू टाकत होती. मग त्यांनी आर्विडना बोलावलं. "पुन्हा एकदा बोल रे. एक शब्द कापणार नाही."

आर्विड माझ्यासमोर बसले. माझा लाल दिवा लागला.

"आता कुणासाठी बोलू?" एवढंच म्हणून ते उठून गेले.

त्या खुर्चीत बाई स्वतः बसल्या. "ते बोलले होते. मी ते पुसलं," असं त्यांनी गावाला सांगितलं. पुन्हा त्या तिथे आल्या नाहीत. वाहिनी चालवायला दुसरं कुणी पुढे आलं नाही, आणि मी कपाटात गेलो.

मित्रांनो, माझ्या काचेवर धूळ साचली तरी चालेल. पण तुमच्या हातात कधी कॅमेरा आला आणि समोरचा माणूस कुणाला नको असलेलं बोलू लागला, तर त्याला शेवटपर्यंत बोलू द्या आणि ते जपून ठेवा.

ॲनिका आता मोठी होऊन या हायस्कूलमध्ये शिकते. रोज कपाटापुढून जाते. इतक्या मुलांमधून तिची पावलं मला ओळखू येतात. एक जड पडतं, एक हलकं.