शिव्यांची शिकवणी

बत्तीस वर्षांत ओदिलिया सान्तिबान्येस पडद्यावर एकशे चार वेळा आई झाली, आणि एकदाही तिच्या तोंडून वावगा शब्द गेला नाही. फासावर जाणाऱ्याची आई, आंधळ्या मुलीची आई, क्रांतीत सहा मुलं गमावलेली आई. काळी शाल डोक्यावर घेऊन तिनं नुसता हुंदका दिला, की मेक्सिकोभर थिएटरांत रुमाल निघायचे. घरीही बाई तशीच. ख्रिस्ती जोगिणींच्या शाळेत वाढलेली, दारात बोट चेमटलं तरी "पवित्र माते!" एवढंच म्हणायची, तेही हळू.

त्यामुळे एफ्राइन नावाचा तिशीतला दाढीवाला दिग्दर्शक आल्वारादोच्या कोळणीची भूमिका घेऊन आला, तेव्हा तिला वाटलं, आणखी एक आई. पटकथेच्या एक्केचाळिसाव्या पानावर ती थांबली. हे पान चुकून दुसऱ्या सिनेमाचं तर लागलं नाही ना, म्हणून तिनं वरचं नाव पुन्हा वाचून पाहिलं.

"हे मला जमायचं नाही, बाळा," ती म्हणाली.

"म्हणूनच तर तुम्ही हव्यात," एफ्राइन म्हणाला. "जिला सवय आहे तिच्या तोंडी शिवी ऐकायला तिकीट कोण काढेल?"

खरं तर ती नाहीच म्हणणार होती. पण छप्पन्न वर्षांची झाली होती, आणि गेली दोन वर्षं तिच्याकडे येणाऱ्या सगळ्या आया मध्यंतराच्या आत मरत होत्या. ही कोळीण शेवटपर्यंत जिवंत होती. ओदिलियानं होकार दिला.

आल्वारादोबद्दल काय सांगावं! नदी जिथं समुद्राला मिळते तिथलं हे कोळ्यांचं गाव. देशात कुठंही कुणी तोंडाचा पट्टा सोडला की लोक विचारतात, "आल्वारादोचा का रे तू?" गावाला त्याची लाज तर नाहीच, उलट तोरा. पाहुण्यासमोर दुसरी गावं चर्च दाखवतात, हे गाव आपली जीभ दाखवतं.

पहिली तालीम धक्क्यावर होती. प्रसंग असा, की वादळातून परत आलेल्या नवऱ्याला कोळीण शिव्या घालते. समोर नट उभा, बाजूला जाळी सावरत बसलेले खरेखुरे कोळी. ओदिलियानं छाती भरून श्वास घेतला आणि म्हणाली, "अरे, रांडेच्या."

एका म्हाताऱ्या कोळ्यानं टोपी काढून छातीवर क्रूस केला. त्याला वाटलं, प्रार्थना सुरू झाली. मग जो हशा पिकला तो पलीकडच्या काठापर्यंत गेला असेल. आणि मासळीच्या शेडमधून एक भरदार आवाज आला, "ती बया त्याला शिवी देतेय की कॉफी विचारतेय?"

ही क्रिसांता लागुनेस. पन्नाशीची, जाड मनगटांची. सगळं गाव तिला आदरानं 'दोन्या क्रिसांता' म्हणायचं आणि तिच्या शिव्या खायला आपणहून तिच्या ठेल्यावर यायचं. एफ्राइननं तिथल्या तिथं तिला गळ घातली, बाईंना शिकवाल का.

"शिकवीन की," क्रिसांता हात पुसत म्हणाली. "उद्यापासून सकाळी पाठवा. कोळंबी सोलायला माणूस कमीच आहे."

दुसऱ्या दिवशी ओदिलिया वही आणि पेन्सिल घेऊन गेली. क्रिसांतानं वही बघितली, तिच्यावर कोळंबीची टोपली ठेवली आणि म्हणाली, "बसा."

दोन दिवस ओदिलिया नुसती सोलत आणि ऐकत राहिली. क्रिसांता मोटारीच्या पंपाला शिवी घालायची, मग तो चालू व्हायचा. मासा पळवणाऱ्या पाणकोळी पक्ष्याला घालायची. पाद्रीबाबा आले की, "या बाबा, तुमच्या त्या मुडद्या घंटेनं आज पहाटे माझं स्वप्न मोडलं, तिच्यायला," म्हणायची आणि त्यांच्या पिशवीत दोन खेकडे जास्त टाकायची. एक तरणा कोळी फाटकं जाळं घेऊन समोरून गेला.

"ए भाड्या!" ती ओरडली. "ते जाळं आहे की तुझ्या आजीचा लग्नातला झगा? मासे आत येतात, नाचतात आणि वरात घेऊन परत जातात!"

तो तरणा हसत हसत तिथंच बसला आणि जाळं विणायला लागला. ओदिलियाच्या लक्षात आलं, की हेच जर कुणी त्याला नीट समजावून सांगितलं असतं, तर तो ऐकून न ऐकल्यासारखं करून निघून गेला असता.

तिसऱ्या दिवशी बर्फाचा ठेकेदार आला. वजनात मारतो म्हणून सगळी शेड त्याच्यावर खार खायची. ओदिलिया कान टवकारून बसली. आता बघू, असं मनात म्हणाली. पण क्रिसांता उठून उभी राहिली आणि गोड आवाजात म्हणाली, "नमस्कार साहेब. घरी सगळे बरे ना?" ठेकेदाराचा चेहरा पडला. बर्फ उतरवून तो खालमानेनं गेला.

"त्याला का नाही दिलीत?" ओदिलियानं विचारलं.

"त्याला?" क्रिसांताला प्रश्नच कळेना. "तो कोण लागतो माझा? शिवी काय वाटेवर पडलीय, कुणालाही द्यायला? लहान पोराला देत नाही, आजाऱ्याला देत नाही, उलट उत्तर देता येत नाही त्याला देत नाही. आणि ज्याच्यावर जीव नाही, त्याला तर मुळीच नाही. अख्ख्या गावाला माहीत आहे, मी 'साहेब' म्हटलं की माणूस कामातून गेला."

ओदिलियानं कोळंबीच्या पाण्यानं भिजलेली वही शोधली, पण लिहिलं काहीच नाही. आजवर तिला वाटत होतं, शिवी म्हणजे भाषेची गटार. इथं तर ही बाई सोनाराच्या काट्यावर तोलावं तशी ती तोलत होती.

मग खरी शिकवणी सुरू झाली. "घशातून नको, पोटातून काढा. घशातली नुसती खरखरते." "'रांडेच्या' काय, कुणीही म्हणेल. त्याच्यापुढे तुम्ही काय जोडता ते बघा. ते तुमचं स्वतःचं पाहिजे." "आणि शेवट गिळू नका हो! एवढी चढवत आणता आणि टोकावर जाऊन माफी मागता." ओदिलिया पंपाला शिव्या द्यायचा सराव करू लागली. पंप काही हलला नाही. एकदा तर ती चुकून त्याला "कृपया" म्हणाली. क्रिसांता हसून हसून टोपलीवर आडवी झाली.

सहाव्या दिवशी उत्तरेचा वारा सुटला. हिवाळ्यात तो असाच येतो, न सांगता-सवरता. आकाश शिशासारखं झालं, होड्या घाईनं परतल्या. एक सोडून. क्रिसांताचा नवरा एल्पिदिओ आणि त्याचे दोन गडी बाहेरच राहिले होते.

क्रिसांता ठेल्यावर आली. मासे साफ केले, विकले, सुटे परत दिले. तोंडातून चकार शब्द नाही. पंप बंद पडला, तिनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पाणकोळ्यानं मासा पळवला, तिनं पळवू दिला. दुपारपर्यंत सगळी शेड हळू आवाजात बोलायला लागली. वाऱ्याला कुणी घाबरलं नव्हतं. दोन्या क्रिसांताच्या गप्प बसण्याला सगळे घाबरले होते. ओदिलिया तिच्या शेजारी बसून सोलत राहिली. दुसरा दिवसही तसाच गेला. बायकांनी भाताचं पातेलं आणून ठेवलं, त्याला कुणी हात लावला नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला वारा पडला आणि नदीच्या मुखाशी एक होडी दिसली, दुसऱ्या होडीला दोरानं बांधून ओढत आणलेली. आत तिघं. तिघंही बसलेले.

क्रिसांता सुरी हातातच घेऊन धक्क्याच्या टोकाला गेली. एल्पिदिओनं फळीवर पाय ठेवला. मिठानं त्याच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. तिनं सुरुवात अगदी हळू केली.

"आलास?" मग जरा वर. "आलास, रांडेच्या? दोन दिवस! दोन दिवस समुद्रानं तुला तोंडात धरला आणि शेवटी थुंकून टाकला ना? माशांनीसुद्धा तोंड लावलं नाही तुला, भडव्या! तुझ्या त्या मुडद्या इंजिनाच्या, तुझ्या मिशीच्या, आणि तुला पोहायला शिकवून घड्याळ बघायला न शिकवणाऱ्या तुझ्या बापाच्या, सगळ्यांच्या आयला! तीनदा सूप गरम केलं मी! तीनदा! सुतकाचा काळा झगा इस्त्री करून ठेवला, तो आता कुणाला घालू, तुझ्या आईला? अरे खारवलेल्या बोक्या! मेला असतास ना, तर जीव घेतला असता मी तुझा!"

सगळा धक्का हसत होता आणि सगळ्या धक्क्याच्या डोळ्यांत पाणी होतं. एल्पिदिओ मान खाली घालून उभा होता, थंडीतून आलेला माणूस चुलीपुढे उभा राहतो तसा. ती श्वास घ्यायला थांबली, तेव्हा तो हळूच म्हणाला, "थांबू नकोस गं. दोन दिवस नुसता वारा ऐकलाय."

ओदिलिया शेडच्या खांबाला धरून उभी होती. बत्तीस वर्षं तिनं परत आलेल्या मुलांना मिठ्या मारल्या होत्या, कपाळाची चुंबनं घेतली होती, आकाशाकडे हात जोडले होते. यातलं काहीही इतकं खरं नव्हतं.

दोन दिवसांनी तिचा प्रसंग चित्रित झाला. तिनं एफ्राइनला एवढंच सांगितलं, की कागदावरचे शब्द मी बाजूला ठेवते, कॅमेरा थांबवू नकोस. समोरचा नट फळीवरून उतरला आणि ओदिलियानं हळू सुरुवात केली. पुढं काय झालं ते तिला स्वतःलाही नीट आठवत नाही. नट भांबावून एक पाऊल मागं सरला आणि पाण्यात पडता पडता वाचला. ते सिनेमात तसंच ठेवलंय. ती थांबली. ज्यानं पहिल्या दिवशी क्रूस केला होता, त्या म्हाताऱ्यानं या खेपेला टोपी काढून हवेत उडवली.

क्रिसांता पुढं आली. "बरी होती," ती म्हणाली. "पण बोक्या माझा होता. चोरलास ना, हलकट बाई!"

ओदिलियाला ते उमगायला एक क्षण लागला. दहा दिवस या बाईनं तिला 'अहो-जाहो' केलं होतं. देशाच्या राष्ट्राध्यक्षांनी हातात दिलेल्या पदकानं ती इतकी फुलली नव्हती.

राजधानीत मात्र सिनेमा अडकला. परवानगी देणाऱ्या कचेरीत एक सभ्य, टक्कल पडलेले अधिकारी होते. त्यांनी सतरा जागांवर लाल पेन्सिलीनं खुणा केल्या होत्या. एफ्राइन चिडला, टेबलावर हात आपटू लागला. अधिकारी त्याच्याकडे न बघता ओदिलियाला म्हणाले, "दुसऱ्या कुणाच्या तोंडी असतं तर एखादवेळेस सोडलंही असतं, बाई. पण तुमच्या? माझी आई तुम्हाला पाहून रडायची."

"माझ्यासमोर दोन दिवस रडू दाबून बसलेली बाई या शब्दांनी रडली," ओदिलिया म्हणाली. "तुमच्या आईंनाही कळलं असतं."

अधिकाऱ्यांनी चष्मा पुसला, पण खुणा पुसल्या नाहीत. सतरा जागांवरचा आवाज काढून सिनेमा सुटला. राजधानीत तो दोन आठवडे कसाबसा चालला. ओठ हलतात आणि शब्द नाही, म्हणून लोकांना वाटलं यंत्रात बिघाड आहे.

आल्वारादोत तो रविवारी दुपारच्या खेळाला लागला, पत्र्याच्या छपराच्या एकुलत्या एक थिएटरात. ओदिलिया बसनं आली आणि क्रिसांता-एल्पिदिओच्या मधे बसली. तिला धाकधूक होती. यांची जीभच कापून आणलीय मी, यांना तोंड कसं दाखवू?

पडद्यावर होडी लागली. नवरा उतरला. ओदिलियाचे ओठ हलले आणि आवाज गेला.

 मग काळोखातून क्रिसांता गरजली, "रांडेच्या!"

पुढची रिकामी जागा आली, ती वीस जणांनी भरली. तिच्या पुढची साऱ्या थिएटरनं. पोरं, म्हातारे, गरोदर बाया, मागं दाराआड उभे असलेले पाद्रीबाबासुद्धा. ओठ हलायचा अवकाश, की चारशे तोंडांतून शब्द बाहेर. अकराव्या जागेवर मात्र घोळ झाला. निम्मे लोक 'भाड्या' ओरडले, निम्मे 'भडव्या'. भांडण जुंपलं. कुणी म्हणे ओठ मिटले होते, कुणी म्हणे नाही. शेवटी यंत्रवाल्यानं रीळ थांबवलं, दिवे लावले आणि खिडकीतून डोकं काढून ओरडला, "अरे डुकरांनो, ती बाई इथंच बसलीय, तिलाच विचारा की!"

चारशे माना वळल्या. ओदिलिया उठली. तिनं काळी शाल नीट केली, ही सवय काही सुटत नव्हती. क्रिसांतानं तिच्या कमरेत कोपर खुपसलं. "पोटातून," ती पुटपुटली.

ओदिलियानं तो एकच शब्द सांगितला नाही. तिनं सगळं पहिल्यापासून म्हटलं, "आलास?"पासून सुरुवात करून, सतराही जागा भरत, टोकावर न अडखळता. मधे स्वतःच्या दोन नव्या घातल्या. त्यातली एक राजधानीतल्या कचेरीतल्या लाल पेन्सिलीबद्दल होती आणि ती इथं सांगण्यासारखी नाही. पत्र्याचं छप्पर दणाणलं. एल्पिदिओ डोळे मिटून ऐकत होता. टाळ्या थांबेनात, तेव्हा यंत्रवाल्यानं नाइलाजानं दिवे घालवले आणि तेच रीळ पुन्हा पहिल्यापासून लावलं.