रंगरावांचा मागचा टायर

या, असे पुढे सरकून बसा. लांब बसलात तर मला आवाज चढवावा लागेल, आणि ही गोष्ट आवाज चढवून सांगण्यासारखी नाही. मी काही कीर्तनकार नाही. बिबवेवाडीत सायकलींचं दुकान आहे माझं. पण चाळीस वर्षं कीर्तनं ऐकत आलोय, त्यामुळे एवढं ठाऊक आहे की आख्यान लावण्याआधी समोर बसलेल्यांपुढे वाकायचं असतं. तसा वाकलोय असं समजा. एका पेटीवाल्याची गोष्ट सांगतो. त्यात जो चुकीचा वागला, तो मीच.

चैत्रातल्या अष्टमीची दुपार होती. डबा उघडून पहिला घास घेणार, तेवढ्यात रंगराव दुकानासमोर येऊन उभे राहिले. पांढरा लेंगा, पांढरा सदरा, काळी टोपी, आणि हातात ती त्यांची जाड चाकांची बॅटरीवरची सायकल. चार इंच रुंद टायर, मागच्या चाकात मोटर. त्यांच्या मुलाने, पियुषने, ती हौसेने घेतली, वर्षभर सिंहगडाच्या बाजूला फिरवली आणि मग तो नोकरीसाठी परदेशी गेला. सायकल जिन्याखाली राहिली. रंगरावांचे गुडघे साधी सायकल मारू देईनात, म्हणून त्यांनी ही चालवायला घेतली. मागच्या कॅरिअरवर पेटी बांधायची आणि कीर्तनाला निघायचं. गल्लीतले लोक म्हणायचे, "काय रंगराव, खडकीहून निवृत्त होताना रणगाडा घेऊन आलात की काय?" ते खडकीच्या दारूगोळा कारखान्यात भांडारात कारकून होते, बत्तीस वर्षं. रंगराव उत्तर द्यायचे, "हो, तोफ तेवढी काढून घेतली त्यांनी."

"पोपटराव, जेवून घ्या," ते म्हणाले. "टायर काही पळून जात नाही. पळण्याच्या अवस्थेतच नाही तो."

मी चाक फिरवून पाहिलं. मागचा टायर संपला होता. मध्ये कापडाचे धागे दिसत होते आणि एका जागी ट्यूबचा फुगवटा डोकावत होता. पुढचा अजून दोन वर्षं चालला असता.

"यावर आज मंडईपर्यंत जायचं नाही," मी म्हणालो.

"जायचं तर आहे. पाचला यज्ञेश्वरबुवांचं नमन. उद्या रामजन्म."

मंडईमागच्या रामाच्या देवळात आमचं चैत्राचं नवरात्र असतं. नऊ दिवस बुवांचं कीर्तन, नऊही दिवस रंगरावांची पेटी. मी दुकान साडेचारला बंद करून जायचो. तिसऱ्या रांगेत उजवीकडे माझी जागा ठरलेली. खरं सांगतो, बुवांच्या निरूपणापेक्षा मला ती पेटी जास्त आवडायची. बुवा आख्यानात रंगून सूर सोडून भलतीकडे जायचे आणि रंगराव मान खाली घालून, कुणाला न कळता, त्यांना बोटाला धरून परत आणायचे.

मी दोन टायर काढून पुढे ठेवले. एक बटणांचा, म्हणजे ज्यावर रबराच्या गोट्या उठलेल्या असतात. दुसरा आखूड रेघांचा.

"हा बटणांचा घ्या. चिखल असो, खडी असो, पकड सुटत नाही."

रंगरावांनी मान हलवली. "याच्या आधी तोच होता. पंचवीसच्या वेगाला गेला की गुणगुणायला लागतो. पेटीतल्या काळी दोन सुराच्या किंचित खाली. वर असता तरी चाललं असतं, पण खाली. सबंध स्वारगेटपर्यंत बेसूर ऐकत जायचं आणि देवळात जाऊन काळी दोनवर हात ठेवायचा! कान किटतात हो."

"मग हा रेघांचा?"

त्यांनी टायरवर नख ओढून पाहिलं, कान जवळ नेला. "हा शिट्टी घालणार. मला गुळगुळीत द्या. गप्प बसणारा."

गुळगुळीत टायर या मापात चार दिवसांनी येणार होता. तसं मी सांगायला तोंड उघडलं होतं, हे मला आजही स्पष्ट आठवतं. तेवढ्यात वर माळ्याजवळच्या खुंटीकडे माझी नजर गेली. तिथे एक गुळगुळीत टायर लटकत होता. पाच वर्षांहून जुना. कुणीतरी मागवून न्यायला आलंच नव्हतं. रबर असं पडून राहिलं की कडक होतं. दिसायला नवं दिसतं, पण रस्ता धरत नाही. टायरच्या अंगावर चार आकडे उठवलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. त्याच्यावर होते तीन, चार, एक, नऊ. म्हणजे दोन हजार एकोणीसचा चौतिसावा आठवडा.

मला म्हणता आलं असतं, "आज रिक्षाने जा, रंगराव." पेटी मांडीवर घेऊन माणूस रिक्षात आरामात बसतो. पण रिक्षा, वाट पाहणं, उशीर, या सगळ्यापेक्षा मला पाच वाजता पेटी सुरू झालेली हवी होती. शिवाय तो टायर डोळ्यांना खुपत होता इतकी वर्षं. आणि मनाला सांगायला एक गोड कारण होतंच: देवाच्या कामाला खोळंबा नको.

मी टायर खाली काढला, ओल्या फडक्याने पुसला, वरून चमक आणायचं पाणी फिरवलं.

"अहो, आहे की तुमच्याकडे!" रंगराव खूश झाले. "ताजा आहे ना?"

"टायर आहे रंगराव, मंडईतली मेथी नाही."

ते मोठ्याने हसले. मीही हसलो. म्हणजे पाहा, मी खोटं बोललोच नाही. नुसता विनोद केला.

आकडे एकाच अंगावर होते, बाकी दोन्ही अंगांनी तो टायर सारखाच होता. कुठलीही बाजू बाहेर ठेवली तरी चालण्यासारखं होतं. मी आकड्यांची बाजू आत, साखळीच्या बाजूला, गिअरच्या दात्यांमागे घातली. हे मी विचार करून केलं. डबा तसाच उघडा राहिला. रंगराव सारखे म्हणत होते, "जेवा हो आधी, माझ्यासाठी उपाशी राहू नका."

पाच वाजता मी माझ्या जागेवर होतो. बुवांनी नमन धरलं, पण पेटीच्या जागी नुसती सतरंजी होती. तबलजी मान वळवून वळवून दाराकडे बघत होता. सव्वापाचला फुलवाला संभाजी आत आला, चप्पल काढायचंही विसरला आणि माझ्या कानाशी वाकला.

"रंगराव पडले. मंडईच्या वळणावर. भाजीवाल्यांनी पाणी मारलं होतं, कोबीचा पाला होता. मागचं चाक एकदम सरकलं."

"डोक्याला?"

"डोकं ठीक आहे. पेटी खाली येत होती, ती धरायला उजवा हात घातला. मनगट गेलंय. पेटीला ओरखडाही नाही."

दुसऱ्या दिवशी, नवमीला, बारा वाजता रामजन्म. अकरा वाजताच रंगराव आले. त्यांच्या पत्नी कुसुमताईंनी त्यांना धरून आणलं होतं. उजव्या हाताला कोपरापर्यंत प्लास्टर, गळ्यात झोळी. पेटीवर एक कॉलेजची मुलगी बसली होती, स्पृहा. रंगराव तिच्या मागे बसले आणि ती अडली की हळूच सूर सांगत राहिले.

मध्यंतरात हार घालायची आमच्याकडे पद्धत आहे. आधी बुवांना, मग तबल्याला, मग पेटीला. बुवा रंगरावांकडे हार घेऊन वळले, तर रंगराव उठून उभे राहिले.

"बुवा, हा हार पोपटरावांना घाला. काल त्यांनी जेवण टाकून मला टायर बसवून दिला. जुन्यावर निघालो असतो तर ट्यूब फुटून एखाद्या बसखाली गेलो असतो. निसरड्यात पडलो ती माझी घाई. पण आज रामजन्माला इथे आहे, तो यांच्यामुळे."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुसुमताईंनी दोन्ही हात जोडले, माझ्याकडे बघून. तिसऱ्या रांगेतून मी उठलो. बुवांनी बुक्का लावला, हार घातला. झेंडूचा ओला वास नाकात जात होता आणि समोर ते प्लास्टर. त्या क्षणी तोंड उघडलं असतं तर काय झालं असतं? फार तर लोक थुंकले असते. पण मी वाकून बुवांच्या पायाला हात लावला आणि जागेवर येऊन बसलो. पाळणा हलला, सुंठवडा वाटला. माझ्या ओंजळीतला मी शेजाऱ्याला दिला.

रात्रभर डोळा लागला नाही हे सांगायला नकोच. सकाळी आठ वाजता मी त्यांच्या दारात उभा होतो.

"या या!" कुसुमताई म्हणाल्या. "आत्ताच देवापुढे तुमचं नाव घेतलं मी. चहा टाकते."

रंगराव खाटेवर बसून डाव्या हाताने पेपर उलटायची खटपट करत होते. चहाचा कप समोर आला. मी तो उचलला नाही. उभ्यानेच सांगून टाकलं. टायर पाच वर्षांचा होता, मला माहीत होतं, आकडे मी आत लपवले. सांगताना माझा आवाज दुसऱ्याच कुणाचा वाटत होता.

रंगरावांनी पेपर बाजूला ठेवला. मग म्हणाले, "खाली चला."

जिन्याखाली सायकल उभी होती, हँडल वाकडं झालेलं. त्यांनी मला मोबाईलचा उजेड धरायला लावला आणि स्वतः वाकून, डावा हात दात्यांमागे घालून, बोटाने आकडे चाचपले. "तीन... चार... एक... नऊ." ते सरळ उभे राहिले.

"पोपटराव, मी खडकीला काय काम करायचो माहीत आहे?"

"भांडारात होतात."

"तारखा वाचायचो. आलेल्या मालावरची तारीख, ठेवलेल्या मालावरची तारीख. मुदत उलटली की बाजूला. साहेब म्हणायचे, रंगराव, दोन महिन्यांनी काय बिघडतं, करा सही. बत्तीस वर्षांत एकदा केली नाही. बढती गेली त्यात." त्यांनी टायरवर हात ठेवला. "अजून घरी दुधाची पिशवी आली की मी आधी तारीख बघतो. ही हसते मला. आणि तुमच्या दुकानात चष्मा खिशात होता, तो काढलासुद्धा नाही. म्हटलं, पोपटराव आहेत. नमन कधी चुकवत नाहीत."

त्यांनी मारलं असतं तर बरं झालं असतं.

"मी... रंगराव, जे म्हणाल ते..."

"काढा तो टायर."

मी दुकानातून हत्यारं आणली, चाक उतरवलं, टायर सोडवला. बगलेत मारून निघालो, तर ते म्हणाले, "कुठे नेता?"

"टाकून देतो."

"असं नाही. बाद केलेला माल अखंड सोडायचा नसतो. कुणीतरी उचलतं, पुसतं आणि पुन्हा वापरात घेतं. कापायचा. भांडारवाल्यासमोर कापायचा."

मग त्या जिन्याखाली, करवतीचं पातं घेऊन मी टायर कापला. काठातली तार लवकर तुटत नाही. घाम डोळ्यांत जात होता. रंगराव भिंतीला टेकून उभे होते, निरीक्षणाला उभे राहावेत तसे. तीन ठिकाणी कापून झाल्यावर त्यांनी एकेक तुकडा पायाने उलटून पाहिला.

"झालं," ते म्हणाले. "आता टाका."

वर पाहिलं तर कुसुमताई जिन्यात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मी हात जोडले. त्या वळून वर गेल्या. थोड्या वेळाने मोरीत कप विसळल्याचा आवाज आला.

चार दिवसांनी गुळगुळीत टायर आला. मी तो बसवला, आकडे बाहेर. रंगरावांनी चष्मा लावून वाचले, मान डोलावली. "ठीक आहे" एवढंच म्हणाले. बोलणं तोडलं नाही त्यांनी. रस्त्यात भेटले की "काय पोपटराव" म्हणतात. कुसुमताई मात्र अजून बोलत नाहीत, आणि बोलाव्यात असा माझा हट्टही नाही. त्या वर्षीच्या वर्गणीच्या सभेत मी उठून सगळ्यांना खरं काय ते सांगितलं. हार काय परत देता येतो? तो तर तेव्हाच सुकला होता.

प्लास्टर दीड महिन्याने निघालं. डॉक्टर म्हणाले, व्यायाम करा, मोकळं होईल. पहिली तीन बोटं मोकळी झाली. अनामिका आणि करंगळी झाली नाहीत. सायकल त्यांनी संभाजीला देऊन टाकली. तो पहाटे तिच्यावरून फुलांच्या पाट्या आणतो. रंगराव बसने येतात. स्पृहा आता छान वाजवते. ते तिच्या डाव्या बाजूला, जरा मागे बसतात. बुवा आख्यानात रंगून सुरापासून लांब जायला लागले की रंगरावांचा उजवा हात मांडीवर आपोआप सरकतो. तीन बोटं दाबतात आणि उठतात. दोन तशीच पडून राहतात. मी तिसरी रांग सोडली आहे. दाराशी, चपलांजवळ बसतो. पण तिथूनही तो हात दिसतो.

आमच्या देवळाच्या फळ्यावर बुवांचं नाव मोठ्या अक्षरांत असतं. पेटीवाल्याचं कधीच नसतं. म्हणून एक मागणं आहे. पुढे कधी तुम्ही कीर्तनाला बसाल, आणि बुवांचा चुकलेला सूर कसा कुणास ठाऊक पण अलगद जागेवर येईल, तेव्हा क्षणभर रंगरावांना आठवा. नाव लक्षात ठेवा: रंगराव, खडकीच्या भांडारातले, पेटीवाले.