फक्कीचं घर
आमचं जुनं घर पाडून नवं बांधायचं काम कॉलेजच्या पोरांकडे द्यायचं ठरलं, तेव्हाच मी भावाला म्हटलं होतं, "अरे, उंटावरचे शहाणे आहेत हे. परीक्षा त्यांची आणि छप्पर आपलं." ही पोरं दरवर्षी एका कुटुंबासाठी घर आखतात आणि स्वतःच्या हातांनी बांधतात. वर लक्ष ठेवायला एक सर असतात, तेही पोरांपेक्षा फार मोठे दिसत नाहीत.

पण पोरं कामाची निघाली, खोटं कशाला बोलू? पडक्या भिंतींचा राडारोडा त्यांनी आठ दिवसांत उचलला, जमीन सपाट केली, खुंट्या ठोकून दोऱ्या ताणल्या आणि दोऱ्यांखाली चुन्याची फक्की टाकून अख्खं घर पांढऱ्या रेषांनी जमिनीवर काढलं. दुसऱ्या दिवशी त्याच रेषांवर पाया खोदायचा होता. त्याआधी त्यांचा एक नियम होता. घरच्या माणसांनी एक दिवस या फक्कीच्या घरात राहून दाखवायचं.

"चूक असेल तर आज पायाने पुसता येते," त्यांची म्होरकी म्हणाली. ही एक चष्मेवाली, किरकोळ मुलगी, पण सगळी पोरं तिला वचकून होती. "उद्या खोदलं की नाही पुसता यायची."

चूक कुठे आहे ते मला महिन्यापासून माहीत होतं. भावाने कॉलेजचा फॉर्म भरला तेव्हा तो मी चहा देता देता वाचला होता. राहणारी माणसं : चार. तो, भावजय, भाचा, भाची. मी पाचवी. या भावाला मी कडेवर घेऊन वाढवलं, दारामागे शिलाई मशीन ठेवून गल्लीभराचे कपडे शिवले, आणि फॉर्मात मी नाहीच! नाकाला मिरच्या झोंबल्या, तरी बोलले नाही. मागून मिळालेली खोली काय कामाची, असं स्वतःला सांगत राहिले. मग नकाशा आला. दोन झोपायच्या खोल्या, एक मोठी बैठकीची, एक स्वयंपाकघर. एवढंच.

तर आम्ही सकाळीच फक्कीच्या घरात राहायला गेलो. विटांवर फळी टाकून ओटा केला होता. भावजय आणि मी सवयीने एकदमच तिथे गेलो आणि एकमेकींना धडकलो. पोरांमधला एक ताडमाड उंच, त्याला सगळे शिडी म्हणायचे, त्याने लगेच वहीत काहीतरी टिपलं. भाचा स्वयंपाकघरातून थेट बैठकीत आला, तर भाची किंचाळली, "भिंतीतून आलास! मागे जा, दारातून ये!" तो मागे गेला आणि हवेत टकटक करून दारातून आला. सरांनी तर उंबऱ्याबाहेर चपला काढल्या. मलाही हसू आलं. दुपारपर्यंत ते घर आम्हाला खरंच वाटायला लागलं होतं.

जेवणं झाली. चष्मेवालीने टाळी वाजवली. "आता रात्र झाली असं समजा. सगळ्यांनी आपापल्या जागी झोपा."

भर उन्हात ती मंडळी हसत हसत झोपायला गेली. पोरांनी चटया दिल्या. भाऊ आणि भावजय त्यांच्या खोलीत, भाचरं त्यांच्या खोलीत. मी बैठकीच्या मधोमध चटई काखेत मारून उभी.

"आत्या, तुम्ही कुठे झोपता?" भाचरांचं ऐकून चष्मेवालीही मला आत्याच म्हणायची. पेन्सिल तयार होती.

मी काही बोलायच्या आधी भावाने तोंडावरच्या वर्तमानपत्राआडून उत्तर दिलं. "ताईचं काय, ती कुठेही झोपते."

त्याच्या मनात काही वाईट नव्हतं, आणि खोटंही नव्हतं ते. जुन्या घरात मी मशीनमागे झोपायची, पाहुणे आले की स्वयंपाकघरात. चष्मेवाल्या मुलीने हातातल्या नकाशाकडे पाहिलं. मग तिने अगदी सरळ मनाने विचारलं, "सर, नकाशावर 'कुठेही' कसं दाखवायचं?"

भाऊ उठून बसला.

"फॉर्मात बहिणीचा रकानाच नव्हता," तो म्हणाला.

सरांचे कान लाल झाले. "नव्हता खरा. पती, पत्नी, मुलं, आईवडील. तो फॉर्म मीच केलाय."

"रकाना नव्हता, पण वन्सं होत्या ना घरात?" भावजय म्हणाली, पडल्या पडल्याच. "मी तेव्हाच म्हणाले होते तुम्हाला."

हे मला नवीन होतं. वीस वर्षं मी या बाईला आतल्या गाठीची समजत आले. खरं तर मला बरं वाटायला हवं होतं, पण मला सगळ्यांचाच राग आला, त्या पोरीचासुद्धा. "पुरे झालं नाटक!" मी ओरडले. "मला खोलीबिली काही नको. मशीन राहील दारामागे आणि मी राहीन मशीनमागे. इतकी वर्षं राहिलेच ना?" शेवटच्या शब्दाला आवाज फुटला आणि मी तोंड फिरवलं. भीड भिकेची बहीण, असं मी दुसऱ्यांना किती वेळा सुनावलं असेल!

मागे काहीतरी घासल्याचा आवाज आला. भाऊ आपल्या खोलीची रेष चपलेने पुसत होता.

"बाबांनी भिंत पाडली!" भाचा ओरडला. भाचीने त्याला गप्प केलं.

भावाने दोन पावलं जागा आपल्या खोलीतली घेतली, दोन पावलं बैठकीतली. शिडीने दोरी ताणून धरली, मुलीने टेपने मापलं आणि भावाने स्वतःच्या हाताने फक्की टाकली. वाकायची सवय नाही त्याला, धापा टाकत होता. घोट्यापर्यंत पांढरा झाला होता.

"खाट बसेल आणि मशीन," मुलगी म्हणाली. "खिडकीही देता येईल."

भाऊ फक्कीचा डबा हातात धरून उभा राहिला. माझ्याकडे बघायची त्याची हिंमत नव्हती. "ताई, एवढं पुरे?"

'पुरे' माझ्या ओठांवर आलंच होतं. मी रेषा ओलांडून आत गेले, म्हणजे दाराच्या जागेतूनच गेले. इथे खाट. इथे मशीन. मग कापड कुठे बेतायचं? आजवर मी जमिनीवर उकिडवी बसून बेतलं, आता गुडघे ऐकत नाहीत. चोरी करतेय असंच वाटत होतं.

"नाही पुरत," मी म्हटलं. "मला कापड बेतायला टेबल ठेवायचंय. अजून दोन फूट सरक."

त्याने मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. मग तो पुन्हा रेष पुसायला लागला, आणि मी शिडीच्या हातातून दोरीचं टोक माझ्या हातात घेतलं.