मिश्रीचा वास

रानातल्या पिल्लाला हात लावायचा नसतो, हे काय धोंडुबाईला ठाऊक नव्हतं? साठ वर्षं उसात गेलेली बाई. पण माणसाची मती फिरायला कितीसा वेळ लागतो!

गगनबावड्याच्या रस्त्याला तिच्या लेकाचा, अमरसिंहचा, ऊस आणि उसाच्या कडेलाच घर. त्या दिवशी तोड चालू होती. टोळीला चहा द्यायला धोंडुबाई किटली घेऊन बांधावर आली, तोच एक बाई कोयता टाकून बोंबलत पळत सुटली. उसाच्या वाळल्या पाल्यात, पाचटात, बिबट्याची दोन पिल्लं! कुणीतरी एकावर पाटी पालथी घातली. दुसरं कुईकुई करत सरीतनं सरपटलं ते थेट धोंडुबाईच्या पायाशी.

शहाण्या माणसानं मागं सरकावं. हिनं ते पदरात गुंडाळलं आणि घर गाठलं. म्हणे, "देवीचं वाहन पायाशी आलंय, तसंच कसं लावून द्यायचं?" कपाळाला हळद-कुंकू लावलं, ओवाळलं, वर दुधात बोट बुडवून त्याच्या तोंडात दिलं. आणि बोट तरी कुठलं? मिश्रीचं! तंबाखू भाजून केलेली ती काळी पूड दिवसातनं चार वेळा दाताला घासल्याशिवाय हिला चैन पडत नसे. अंगाला, लुगड्याला कायम तोच वास. पाच वर्षांची नात प्रियू शेजारी उभी राहून टाळ्या पिटत होती.

अमरसिंह धापा टाकत आला. "आये, डोस्कं फिरलंय काय तुजं? ह्याची आई हितंच कुठंतरी असंल की! माग काढत दारात आली म्हंजी? दारात प्रियू खेळतीया न्हवं?"

तेव्हा कुठं म्हातारी भानावर आली. तिनं पदरानं पिल्लाचं कुंकू खसाखसा पुसलं आणि पिल्लू होतं तिथं नेऊन ठेवलं.

तासाभरात वनखात्याच्या शिवलीला मॅडम जीप घेऊन आल्या. कमी बोलणारी बाई. त्यांनी टोळीला बाहेर काढलं, पिल्लावरची पाटी उचलायला लावली, कडेच्या चार सऱ्या ऊस उभा ठेवायला लावला. म्हणाल्या, "दिवस मावळला की आई येईल. पिल्लं घेतली तर लांब निघून जाईल. न्हाई घेतली तर हुडकत ह्या घराभोवतीच फिरणार. कुणी हात लावलाय काय पिल्लांना?"

अमरसिंहनं आईकडं बघितलं. आईनं किटलीकडं बघितलं. चारचौघांत बोलणी कोण खाणार? "न्हाय बाई, कुणी न्हाय," धोंडुबाई म्हणाली, आणि लेकानंही आईची लाज राखायला तोंड मिटलं.

ती दुपार काही सरता सरेना. सून प्रियूला घरात कोंडून बसली. पोरगी आतनं दार बडवत होती, "मला वाघाचं बाळ बघायचंय!" धोंडुबाईनं भाकरी मोडली आणि तशीच ठेवली. आज नाही नेलं तर उद्या काय? परवा काय? पोरगी शाळेला जाते ती वाट उसातनंच.

दिवस मावळला. घराच्या स्लॅबवर मॅडम, अमरसिंह आणि धोंडुबाई श्वास धरून बसले. उभा ऊस हलला आणि ती आली. मघाचं पाटीखालचं पिल्लू तिनं मानेला धरून उचललं आणि उसात नेलं. परत आली. दुसऱ्याला हुंगलं. पुन्हा हुंगलं. नाक मुरडून दोन पावलं मागं सरली. मग मान वर करून घराकडं बघत राहिली, आणि वळून उसात गेली.

धोंडुबाईनं मॅडमचा हातच धरला. "बाई, मी लावला हात. कुंकू लावलं, मिश्रीचं बोट चोखवलं. माझ्या नातीवर आणलं मी हे!"

"मावशी, दुपारी का न्हाई सांगितलं?" मॅडम एवढंच म्हणाल्या, आणि ते शिवीपेक्षा झोंबलं. "उपाय लागू पडंल का, मला म्हाईत न्हाई. त्याच जागची माती आन् पाचट चोळून वास मोडतोय का बघू."

अमरसिंहला स्लॅबवरच ठेवून, जागा दाखवायला धोंडुबाईला शेजारी घेऊन मॅडमनी जीप फडात घातली. मॅडमनी हातमोजे घालून पिल्लू उचललं, तसं ते चिरकायला लागलं. उसातनं गुरगुर आली, अगदी जवळनं.

"माझ्याकडं द्या. माझ्याजवळ गप बसतंय," धोंडुबाई म्हणाली. मॅडम नको म्हणेपर्यंत ती जीपमधनं उतरलीसुद्धा.

पिल्लू खरंच गप झालं. पिल्लांची आई झोपत होती त्या जागची माती म्हातारीनं आधी स्वतःच्या हातांना कोपरापर्यंत चोळली, मग पिल्लाच्या कपाळाला, तोंडाला, पोटाला. उसाकडं न बघता ती पुटपुटत होती, "बाई, माजं चुकलं. तुजं तू घे. माजं मला ऱ्हाऊ दे." पिल्लू खाली ठेवून ती पाठ न वळवता जीपपर्यंत आली.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. ऊस हलला. पिल्लाची आई पुढं आली, तिनं हुंगलं. बराच वेळ हुंगलं. मग जीभ काढून पिल्लाचं कपाळ चाटलं, चाटतच राहिली, आणि उचलून ओढ्याच्या अंगाला निघून गेली. अमरसिंहनं स्लॅबवरनं "नेलं! नेलं!" म्हणून आरोळी ठोकली.

धोंडुबाई घरी आली. दार उघडलं तशी प्रियू "आज्जी!" करत धावली, आणि मध्येच थबकली. नाक मुरडलं. दोन पावलं मागं सरली.

"तू आज्जी न्हाईस. तुला आज्जीचा वास न्हाय."

दिवसभर धरून ठेवलेलं सगळं त्या एका बोलण्यावर फुटलं. म्हातारी उंबऱ्यातच बसली आणि ढसाढसा रडली. मग कोनाड्यातली डबी काढून तिनं चिमूटभर मिश्री मातीनं माखलेल्या तळहातावर घेतली आणि हात पुढं केला.

प्रियूनं लांबूनच हुंगलं. पुन्हा हुंगलं. आणि येऊन मांडीवर बसली.